मधुमेही वडिलांसाठी कृत्रिम पाय: पैसे नेमके कशावर खर्च करावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या एका ताईंच्या वडिलांचा डावा पाय, मधुमेहाची जखम चिघळल्यामुळे, दोन महिन्यांपूर्वी गुडघ्याखाली कापावा लागला. वडिलांचे वय 61, बँकेतून निवृत्त. एका विक्रेत्याने मोबाइलवर सेन्सरच्या पायाचे व्हिडिओ दाखवून काही लाखांचा अंदाज दिला आहे. नातेवाईक मात्र म्हणतात की शिबिरात जयपूरचा पाय फुकट मिळत असताना एवढा खर्च कशाला? तंत्रज्ञान इतक्या वेगाने पुढे जात आहे, तर दोन वर्षे थांबलेले बरे का, असेही त्या विचारतात. शिवाय त्यांच्या मावसभावाचा उजवा हात पीथमपूरच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसमध्ये सापडून मनगटाच्या थोडा वर तुटला आहे, आणि त्याच्यासाठी बोटे हलवणारा विजेचा हात घ्यावा का, हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

ताई, आधी निर्णय सांगतो आणि मग कारणे. वडिलांसाठी थांबू नका, सेन्सरचे काहीही आत्ता घेऊ नका, आणि जो काही खर्च करायचा तो पायाच्या पंजावर करण्याआधी सॉकेटवर, म्हणजे उरलेला पाय ज्या कवचात बसतो त्यावर, आणि ते बनवणाऱ्या माणसाच्या वेळेवर करा. कृत्रिम पाय वापराविना कपाटावर पडून राहतात त्यांतल्या बहुतेकांचा पंजा उत्तम असतो; टोचत असते ते सॉकेट.

विक्रेत्याने दाखवलेल्या व्हिडिओबद्दल एक खुलासा लगेच करायला हवा. जिना उतरताना न अडखळणारा, मोबाइलच्या ॲपवर चालणारा जो पाय त्यात दिसतो, तो जवळजवळ नेहमी सूक्ष्मसंगणक असलेला कृत्रिम गुडघा असतो. तुमच्या वडिलांचा स्वतःचा गुडघा शाबूत आहे. ज्यांचा पाय मांडीतून गेला आहे त्यांच्यासाठी हा गुडघा खरोखरच मोठी गोष्ट आहे. जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीने 1997 मध्ये सी-लेग आणला तेव्हापासून त्याचे मूळ तत्त्व तेच राहिले आहे: गुडघ्याचा कोन आणि नळीवर पडणारा भार सेन्सर सेकंदाला निदान पन्नास वेळा मोजतात, आणि त्यानुसार आतल्या हायड्रॉलिक सिलिंडरची झडप उघडते किंवा आवळते. पाय पुढे येताना ठेचकाळला, तर साधा यांत्रिक गुडघा दुमडून माणसाला खाली आणतो, पण हा गुडघा त्या क्षणी तेलाचा मार्ग आवळून धरतो आणि तोल सावरायला अवधी देतो. पडण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होते हे अनेक अभ्यासांत दिसले आहे, आणि मांडीतून पाय गेलेल्या एखाद्या कमावत्या माणसाने कर्ज काढून तो घेतला तर मी त्याला अडवणार नाही. गुडघ्याखालच्या पायात मात्र तो बसवायला जागाच नाही. त्याऐवजी विक्रेता मोटर असलेला घोटा सुचवत असेल, तर त्याचे वजन, रोजचे चार्जिंग आणि दुरुस्तीसाठी तो परदेशी पाठवण्याची वेळ, हे सारे 61 वर्षांच्या मधुमेही माणसाला झेपणारे नाही.

आता थांबण्याविषयी. पाय कापल्यानंतरचे पहिले काही महिने पुन्हा मिळत नाहीत. गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडला की नंतर सर्वांत महागडा पायही त्याला सरळ करू शकत नाही. घरातील मंडळी मायेने उरलेल्या पायाखाली उशी ठेवतात, ती आजच काढा. वडिलांना दिवसातून दोन-तीन वेळा गुडघा पूर्ण सरळ ठेवून, आणि जमत असेल तर थोडा वेळ पालथे, झोपवा. खुर्चीत बसतानाही तो पाय लोंबकळत न ठेवता फळीवर सरळ टेकवावा. जखम पूर्ण भरली असेल तर खालून वर सैल होत जाणारी, आठच्या आकड्यासारखी गुंडाळलेली इलॅस्टिक पट्टी किंवा तयार श्रिंकर मोजा दिवसरात्र, फक्त आंघोळीपुरता काढून, वापरायला हवा. त्याने सूज उतरते आणि खुंटाला, म्हणजे उरलेल्या पायाला, निमुळता आकार येतो. पट्टी वरच्या बाजूला घट्ट बांधली तर उलट टोक सुजते, म्हणून पहिल्यांदा ती फिजिओथेरपिस्टकडून समोर बांधून घेऊन शिकावी.

तंत्रज्ञान पुढे जाईल आणि आपण मागे राहू, ही भीती यात बाळगण्याचे कारण नाही, कारण आजचा पाय सुट्या भागांचा असतो. ऑटोबॉकने 1969 मध्ये पिरॅमिडच्या आकाराचा एक छोटा धातूचा जोड आणला, आणि पुढे जवळपास साऱ्या जगाने तोच स्वीकारला. सॉकेटच्या तळाशी तो जोड, त्याखाली नळी, नळीखाली दुसरा जोड आणि मग पंजा, अशी आजची रचना असते. चार स्क्रू सैल करून पंजा बदलता येतो आणि नळी तशीच ठेवून सॉकेट बदलता येते. म्हणून आज साधा पंजा घेऊन चालायला लागलेला माणूस दोन वर्षांनी त्याच सांगाड्यावर चांगला पंजा बसवू शकतो. दोन वर्षे खुर्चीत बसलेल्या माणसाकडे त्यावर चालण्याची ताकद उरलेली नसते. हे ताकदीचे प्रकरण हलके घेऊ नका. आमच्या, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्यांच्या, पाठ्यपुस्तकांतल्या ढोबळ आकड्यांनुसार, अपघातात गुडघ्याखाली पाय गेलेल्या तरुणाला चालण्यासाठी एरवीपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त शक्ती लागते, तर रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे पाय गेलेल्याला सुमारे 40 टक्के. गुडघ्याच्या वर कापलेल्या आजारी माणसाला ती जवळपास दुप्पट लागते. त्यामुळे पाय बसवण्याआधी वडिलांच्या हृदयाची तपासणी फिजिशियनकडून करून घेणे हा या कामाचाच भाग आहे.

सॉकेटवर मी इतका भर का देतो, ते थोडे जवळून दाखवतो. मोजमापाच्या दिवशी खुंटावर पातळ मोजा चढवून त्यावर न पुसणाऱ्या पेन्सिलीने खुणा केल्या जातात: गुडघ्याच्या वाटीचा खालचा कड, नडगीची धार, बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाचे डोके, आणि नडगी जिथे कापली ते टोक. मग ओले प्लास्टरचे बँडेज गुंडाळतात, आणि ते घट्ट होत असताना वाटीखालच्या जाड स्नायुबंधाच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून धरतात. वाटीखालचा तो भाग दाब सोसतो; बारीक हाडाचे डोके आणि नडगीची धार सोसत नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी ज्या पीटीबी, म्हणजे वाटीखालच्या स्नायुबंधावर भार घेणाऱ्या, सॉकेटची पद्धत बसवली, तिचे सारे रहस्य एवढेच आहे की जिथे सोसते तिथे भार द्या आणि जिथे सोसत नाही तिथे जागा सोडा. पुढे सिलिकॉन लायनर, म्हणजे खुंटावर चढवायचे मऊ अस्तर, आल्यावर भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा वाटण्याची पद्धत रूढ झाली. तरी हाडांच्या जागा ओळखण्याचे काम सुटलेले नाही.

नंतर पारदर्शक प्लास्टिकचे तपासणी-सॉकेट बनते, आणि माझ्या मते चांगले काम आणि उरकलेले काम यांतला फरक इथेच कळतो. वडिलांना त्यात उभे केल्यावर आतली त्वचा बाहेरून दिसते: जिथे पांढरी पडते तिथे दाब जास्त आहे, जिथे पोकळी दिसते तिथे कमी. तळाशी काय चालले आहे ते डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून गोटीएवढा मऊ मातीचा गोळा सॉकेटच्या तळाशी टाकून माणसाला उभे करतात आणि मग पाय बाहेर काढून तो गोळा पाहतात. तो चकतीसारखा पूर्ण चपटा झाला असेल तर हाडाचे टोक तळावर आदळते आहे. तो जसाच्या तसा गोल राहिला असेल तर टोकाला काहीच स्पर्श नाही, आणि अशा रिकाम्या जागेत काही आठवड्यांत सूज साठून त्वचा काळपट, जाड आणि खरखरीत होते. गोळा अर्धवट दबलेला निघाला की समाधान मानावे. मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असते, त्यामुळे वडील ‘काही दुखत नाही’ म्हणतील, पण त्यांच्या सांगण्यावर विसंबून चालणार नाही. म्हणूनच पारदर्शक सॉकेटची पायरी वगळणाऱ्या ठिकाणी मधुमेही रुग्णाला नेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

हल्ली प्लास्टरऐवजी स्कॅनरने, कधी कधी तर मोबाइलनेच, खुंटाचा आकार टिपतात, संगणकावर त्यात फेरफार करतात आणि सॉकेट छापून किंवा साचा कोरून काढतात. हे स्वच्छ आहे, वेगवान आहे, आणि जुने माप जपून ठेवता येत असल्याने सहा महिन्यांनी खुंट किती बारीक झाला ते आकड्यांत दिसते. पण स्कॅनर आकार मोजतो. मांस कुठे मऊ आहे आणि हाड कुठे वर आले आहे हे तो दाबून पाहत नाही. संगणकासमोर बसलेल्याने आधी हाताने तो खुंट चाचपला असेल तर स्कॅन उत्तम, नसेल तर त्याच चुका अधिक झटपट होतात.

लायनर घ्यावा का? वडिलांसाठी घ्यावा. आइसलँडच्या ऑसुर कंपनीच्या संस्थापकांनी 1980 च्या दशकात सिलिकॉनचा मोजासारखा लायनर आणला, आणि त्वचेवरचे घर्षण कमी करण्याच्या बाबतीत, मला वाटते, गेल्या चाळीस वर्षांतली ती सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, जरी तिचे व्हिडिओ कोणी पाहत नसले तरी. त्याच्या अडचणीही ऐकून घ्या. माळव्यातल्या मे महिन्यात लायनरच्या आत घाम साठतो आणि पाय घसरू लागतो. दुपारी एकदा काढून, पुसून पुन्हा चढवावा लागतो. रोज रात्री तो सौम्य साबणाने धुऊन, सावलीत स्टँडवर वाळवायचा. साधारण वर्षभरात, काहींचा त्याआधीच, तो फाटतो किंवा सैल पडतो आणि नवा घ्यावा लागतो. म्हणून विक्रेत्याकडून पायाची किंमत विचारताना दरवर्षीच्या लायनरची किंमत वेगळी लिहून मागा. एकरकमी मोठा खर्च झाल्यावर पुढच्या लायनरला पैसे उरत नाहीत, आणि फाटक्या लायनरवर लाखांचा पंजा चालवणारी माणसे मी याच शहरात पाहतो.

पंजाकडे वळताना आधी शिबिरातल्या पायाविषयी, कारण त्याला नावे ठेवण्याची एक फॅशन झाली आहे. जयपूर फूट 1968 च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात घडला. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यचिकित्सक यांचे ते काम. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी उपलब्ध असलेला परदेशी सॅच पंजा आतून ताठ लाकडी, टाचेला फोम, आणि वर बूट घालण्यासाठी बनवलेला होता. त्यावर उकिडवे बसता येत नसे आणि शेतातल्या चिखलात तो टिकत नसे. जयपूरच्या पंजात स्पंजासारख्या रबराचे दोन ठोकळे आणि लाकडाचा एक, वरून रबराचे आवरण देऊन साच्यात भाजलेले असतात; त्यामुळे घोट्याजवळ तो सर्व दिशांना वाकतो, अनवाणी चालता येते, पाणी लागले तरी बिघडत नाही. 1975 मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो विनामूल्य देते, आणि बहुधा त्याच दिवशी बसवून देते. शेतकऱ्याला, मजुराला, ज्याला उद्याच कामावर जायचे आहे त्याला मी स्वतः तिकडे पाठवतो. त्याचे सॉकेट बहुधा पाण्याच्या पाइपसारख्या एचडीपीई प्लास्टिकचे असते: टिकाऊ आणि स्वस्त, पण एका दिवसात बसवलेल्या कठीण सॉकेटमध्ये मधुमेही, संवेदना गेलेली, नुकतीच भरलेली त्वचा ठेवायला मी धजणार नाही. वडिलांच्या बाबतीत माझी अडचण पंजाशी नसून घाईशी आहे. तोच पंजा पारदर्शक सॉकेटने तपासून घेतलेल्या पायाखाली बसवला तर माझी हरकत नाही.

कार्बन फायबरचा पंजा 1980 च्या दशकात व्हॅन फिलिप्स या अमेरिकन संशोधकाने रूढ केला. त्यांचा स्वतःचा पाय 1976 मध्ये अपघातात गेला होता. टाच टेकताना पट्टी दबते आणि पाऊल उचलताना ती दबलेली शक्ती परत देते. पण ही पट्टी माणसाचे वजन आणि त्याची हालचाल पाहून निवडायची असते. वेगाने चालणाऱ्या तरुणासाठी बनवलेला कडक पंजा हळू चालणाऱ्या माणसाच्या वजनाने दबतच नाही, आणि तो लाकडासारखा वाटतो. वडिलांना मऊ दर्जाचा, कमी उंचीचा कार्बन पंजा किंवा हायड्रॉलिक घोट्याचा पंजा काही महिन्यांनी, चाल स्थिरावल्यावर, जरूर पाहता येईल. उतारावर हायड्रॉलिक घोटा जमिनीप्रमाणे वळतो आणि खुंटावरचा ताण काहीसा हलका होतो. आपल्याकडच्या प्रयत्नांची बातमीही लक्षात ठेवा: डीआरडीओ आणि तेलंगणातल्या बीबीनगरचे एम्स यांनी 2025 मध्ये देशी कार्बन पंजा जाहीर केला असून आयात पंजाला लागणाऱ्या सुमारे दोन लाखांच्या जागी तो 20,000 रुपयांच्या आत बसावा असा त्यांचा अंदाज आहे. मांडीतून पाय गेलेल्यांसाठी आयआयटी मद्रासने 2022 मध्ये ‘कदम’ हा अनेक सांध्यांचा यांत्रिक गुडघा आणला, आणि त्याच वर्षी इस्रोने स्वस्त सूक्ष्मसंगणक गुडघ्यावरचे आपले काम जाहीर केले. जाहीर होणे आणि आपल्या गावात सुट्या भागांसह मिळणे यांत अंतर असते, तरी दिशा योग्य आहे.

एका गोष्टीकडे परदेशी माहितीपत्रकांत पुरेसे लक्ष दिलेले नसते आणि आपल्या घरांत तीच रोज नडते: चप्पल. पायाची जुळणी करताना टाचेची उंची गृहीत धरलेली असते. समजा, बूट घालून जुळणी केली आणि बुटाची टाच पुढच्या भागापेक्षा सेंटीमीटरभर उंच आहे. वडील घरात शिरताना बूट काढतील, किंवा खजराण्याच्या गणपतीला, अन्नपूर्णेच्या देवळात जातील, तेव्हा पंजा त्याच कोनात राहील, पण टाचेखालचा आधार जाईल. नळी मागे झुकेल, गुडघा मागच्या बाजूला ढकलला जाईल, आणि दिवसभर अनवाणी वावरणाऱ्या माणसाचा चांगला गुडघा काही महिन्यांत दुखायला लागेल. म्हणून जुळणीच्या दिवशी वडील खरोखर जे घालतात तेच घेऊन या आणि घरात ते अनवाणी असतात की सपाता घालतात ते सांगा. अनवाणी वेळ जास्त असेल तर जुळणी अनवाणी करून बुटात टाचेखालची उंची कमी करणे बरे; टाचेची उंची बटणाने बदलता येणारे पंजेही मिळतात, पण ते जड असतात. तसेच, मांडी घालून बसण्याची आशा फार ठेवू नका. लायनर गुडघ्यामागे गोळा होतो आणि सॉकेटचा मागचा काठ टोचतो. मागचा काठ थोडा खाली उतरवून घेता येतो, पण तो फार उतरवला तर सॉकेटची पकड जाते. जेवायला पाटाऐवजी टेबल, आणि संडासात कमोड व भिंतीला दांडी, ही सोय पायाच्या आधी करून घ्या; ती स्वस्त आहे आणि पहिल्या दिवसापासून उपयोगी पडते.

पाय मिळाल्यावर पहिले वर्ष खुंट बारीक होत जातो. सकाळी घट्ट बसणारे सॉकेट दुपारी सैल होते, खुंट आत खोल उतरतो, आणि वाटीखालचा दाब वाटीवरच येतो. त्यासाठी वेगवेगळ्या जाडीचे मोजे दिलेले असतात. सैल वाटले की एक चढवायचा. मोज्यांचे थर वाढत वाढत जाड झाले, तर मोजे वाढवत न राहता नवे सॉकेट करून घ्यावे. पहिल्या वर्षात सॉकेट एकदा बदलावे लागेल हे गृहीत धरूनच पैशांची मांडणी करा. डायलिसिस चालू असलेल्यांचा खुंट तर एका दिवसात फुगतो आणि उतरतो, त्यांना हे आणखी काटेकोरपणे सांभाळावे लागते. रोज रात्री पाय काढल्यावर आरशात खुंटाची मागची बाजू पाहावी. दहा-पंधरा मिनिटांत मावळणारी लाली चालते. त्यानंतरही राहिली, किंवा फोड दिसला, तर दुसऱ्या दिवशी पाय न घालता दाखवायला यावे. आणि उजव्या पायाची तपासणी याहून महत्त्वाची समजा, कारण ज्या आजाराने डावा नेला तो उजव्यातही आहे आणि आता त्याच्यावर भार वाढला आहे.

नसलेल्या पंजाची बोटे दुखतात, जळतात, असे वडील म्हणत असतील तर त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणू नका. ती वेदना खरी आहे. मूळचे तमिळनाडूचे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात दाखवलेली आरशाची पद्धत, म्हणजे चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहत दोन्ही पाय हलवण्याचा सराव, काहींना चांगली लागू पडते आणि तिला खर्च नाही. औषधेही आहेत, ती मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारून घ्यावीत.

या क्षेत्रातली खरी नवी झेप कारखान्यात कमी आणि शस्त्रक्रियागृहात जास्त घडते आहे, हे तुमच्या मावसभावासाठी महत्त्वाचे आहे. शिकागोत टॉड कुइकेन आणि ग्रेगरी ड्युमॅनियन या डॉक्टरांनी 2002 च्या सुमारास तुटलेल्या हाताच्या नसा जवळच्या निरुपयोगी स्नायूंना जोडायला सुरुवात केली. ‘मूठ मिट’ हा मेंदूचा आदेश त्या स्नायूत आकुंचन म्हणून उमटतो आणि त्वचेवरचा इलेक्ट्रोड तो टिपतो. पुढे असे लक्षात आले की याने नसेच्या टोकाला होणाऱ्या दुखऱ्या गाठीही कमी होतात, आणि आता कित्येक ठिकाणी केवळ वेदना टाळण्यासाठी ही शस्त्रक्रिया केली जाते. एमआयटीतील ह्यू हेर, ज्यांचे स्वतःचे दोन्ही पाय 1982 मध्ये हिमदंशाने गेले, त्यांच्या गटाने एकमेकांविरुद्ध ओढणाऱ्या स्नायूंच्या जोड्या कापताना पुन्हा जोडून ठेवण्याची पद्धत बसवली. त्यामुळे पाय कुठे आहे याची जाण मेंदूला मिळत राहते, आणि 2024 मध्ये त्यांनी तिच्यावर चालणाऱ्या कृत्रिम पायाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वीडनमध्ये 1990 पासून सॉकेटच टाळून टायटॅनियमचा दांडा थेट हाडात बसवला जातो. तरुण, निरोगी, मांडीतून पाय गेलेल्या आणि सॉकेट अजिबात न सोसणाऱ्या माणसासाठी तो पर्याय आहे. मधुमेहात, दांडा जिथे त्वचेतून बाहेर येतो तिथल्या जंतुसंसर्गाच्या भीतीने, तो सहसा देत नाहीत. म्हणून वडिलांच्या बाबतीत तो विषय मनातून काढून टाका.

भावाचा हात मनगटाच्या वर तुटला आहे, म्हणजे कोपर आणि तळहात फिरवणारी हाडे बरीच शाबूत आहेत, आणि ही मोठी जमेची बाजू आहे. विजेच्या हातात पुढच्या बाहूच्या दोन स्नायूंवर इलेक्ट्रोड असतात. एक स्नायू आवळला की मूठ मिटते, दुसरा आवळला की उघडते. पाचही बोटे वेगळी हलणारा पहिला बाजारात आलेला हात 2007 मधला, स्कॉटलंडच्या कंपनीचा आय-लिंब. त्यानंतर अनेक आले, भारतातही बनू लागले. पण बोटे हलणे आणि काम होणे यांत फरक आहे. पाण्यात, तेलकट यंत्रावर, धुळीत हे हात लवकर बिघडतात, आणि त्यांना स्पर्श कळत नसल्याने प्रत्येक पकडीकडे पाहत राहावे लागते. दोन फाकांचा, खांद्याच्या पट्ट्याने आणि दोरीने उघडणारा हूक 1912 मध्ये पेटंट झाला आणि आजही वापरात आहे, कारण दोरीच्या ताणावरून पकड किती घट्ट आहे ते खांद्याला कळते. 2016 मध्ये झुरिचला झालेल्या पहिल्या सायबॅथलॉन या, सहायक तंत्रज्ञान वापरणाऱ्या दिव्यांगांच्या, स्पर्धेत हातांच्या शर्यतीत विजेचे हात मागे पडले आणि अशाच शरीराच्या ओढीवर चालणाऱ्या हाताने बाजी मारली, हे व्हिडिओ दाखवणारे विक्रेते सांगत नाहीत. भावाला कारखान्यातच परत काम करायचे असेल तर आधी दोरीचा हूक वापरून पाहावा. ऑफिसात बसण्याचे काम मिळणार असेल, किंवा चारचौघांत हात कसा दिसतो हे त्याला खूप बोचत असेल, तर विजेच्या हाताचा विचार करावा, आणि तोही इलेक्ट्रोड लावून त्याच्या स्नायूंचे संकेत पुरेसे स्वच्छ येतात हे समोर तपासून पाहिल्यानंतरच. मात्र नसांच्या गाठी दुखत असतील तर हात कोणताही असो, आधी हाताच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे.

पैशांचे मार्ग दोघांचे वेगळे आहेत. भाऊ ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, विमाधारक असेल तर कृत्रिम अवयव त्या योजनेतून मिळण्याचा त्याला हक्क आहे आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ वेगळा आहे. कारखान्याने ‘आम्ही बघतो’ म्हटले तरी अपघाताची नोंद लेखी झाली आहे याची खात्री करून घ्या. वडिलांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, आधी काढा. केंद्राच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना साधने मिळतात, आणि त्या योजनेतले बरेच साहित्य बनवणाऱ्या कानपूरच्या अलिम्कोचे एक केंद्र आपल्या शेजारी उज्जैनलाच आहे. निवृत्तिवेतनामुळे वडील त्या मर्यादेत बसले नाहीत, तरी भोपाळच्या केंद्र सरकारी पुनर्वसन केंद्राचा सल्ला घ्यायला हरकत नाही, म्हणजे विक्रेत्याखेरीज आणखी एक मत हाती येईल.

शेवटी, ज्याच्याकडे जाल त्याला चार गोष्टी विचारा. तुमची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का? पारदर्शक सॉकेटवर किती वेळा उभे करून पाहणार? पहिल्या वर्षात खुंट बारीक झाल्यावर नवे सॉकेट किती रुपयांत करून देणार? आणि पंजा किंवा जोड बिघडला तर इंदुरात दुरुस्त होतो की बाहेर जातो, आणि तोवर वडिलांनी कशावर चालायचे? उत्तरे बिलावर किंवा कोऱ्या कागदावर लिहून, सही करून घ्या. जो लिहून द्यायला तयार होणार नाही त्याच्याकडून पाय घेऊ नका, मग त्याचे सेन्सर कितीही चांगले असोत.